गुडघ्याखालचं गवत

मंचरच्या अवजारांच्या दुकानात आम्ही दोघं शिरलो, तेव्हा मालकानं खुर्ची पुढं केली ती माझ्या नवऱ्याला.

"बोला भाऊ, काय दाखवू? रोटर, पेरणी यंत्र, का ट्रॉली?"

"मला काय इचारताय, हिला इचारा," नवरा म्हणाला. "ट्रॅक्टर हीच चालवती."

मालकानं माझ्याकडं एकदा पाहिलं, कौतुकानं हसला आणि पुन्हा नवऱ्याकडं वळला. "बरं. मग वैनींसाठी काय दाखवू?"

"मोवर," मी म्हणाले. "ट्रॅक्टरच्या मागं लावायचा, गवत कापायचा. बागेत चालवायचाय."

शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची केशर आंब्याची बाग आहे. जमीन उताराची आणि मुरमाड. ओढ्याकाठचं काळं रान थोरल्या दिरांच्या वाटणीला गेलं, हा उतार आमच्याकडं आला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आंब्याला पाण्याचा निचरा होणारी जमीनच लागते. भानगड होती ती गवताची. पावसाळ्यात ते झाडांच्या ओळींमधून असं वर यायचं की कलमं दिसेनाशी व्हायची. पूर्वी खुरपायला बाया मिळायच्या. मग त्या मिळेनाशा झाल्या आणि सगळ्यांनी जे केलं तेच आम्ही केलं. पाठीवरच्या पंपानं गवताचं औषध मारायला सुरुवात केली. मारलं की दोन दिवसांत गवत पिवळं पडायचं, आठवड्याभरात जळायचं. बाग अंगणासारखी स्वच्छ. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून म्हणायचा, "रान कसं राखलंय, एक काडी न्हाई." आमच्याकडं यापेक्षा मोठं कौतुक नाही. स्वच्छ रान म्हणजे कष्टाळू माणूस. गवत दिसलं की घरात आजारपण आहे किंवा आळस आहे, असं लोक धरून चालतात.

मग एका श्रावणात, दोन दिवस लागून राहिलेला पाऊस उघडला तेव्हा मी ओढ्यावर गेले होते. डोंगरावरून येणारं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. आमच्या बागेच्या कोपऱ्यातून जी चर ओढ्याला मिळते, तिच्यातून मात्र चहासारखं पाणी येत होतं. मी चरीच्या कडेनं वर चढत गेले. खालच्या ओळीतल्या झाडांची मुळं उघडी पडली होती, बोटांएवढी जाड मुळं, वर आलेली. त्यांच्या भोवतीची माती धरून ठेवायला तिथं काहीच उरलं नव्हतं. आम्ही कौतुकानं जाळून टाकलं होतं सगळं.

त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "यापुढं बागेत गवताचं औषध मारायचं नाही."

"आन् गवत?"

"गवत राहू दे. वाढलं की कापायचं. मुळं राहतात, माती राहते."

"कापणार कोण?"

"मी."

तो हसला नाही. ट्रॅक्टर मी चालवते हे तेव्हा आमच्याकडं जुनं झालं होतं. फवारणीसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला, त्यावर ठेवलेला माणूस कधी यायचा, कधी नाही. मी पडीक तुकड्यात एकटीनं गिअर टाकून, बंद पाडून, पुन्हा चालू करून शिकले. मी घोडेगावच्या रस्त्यानं ट्रॅक्टर घेऊन गेले की सुरुवातीला चहाच्या टपरीवरची डोकी वळायची. नंतर वळायची थांबली.

गवताचं मात्र तसं झालं नाही. त्या वर्षी ते गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं. आणि एक दिवस थोरले दीर बांधावर येऊन उभे राहिले.

आमच्या घरात एक रीत आहे. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. मी समोर उभी असले तरी दादा माझ्या नवऱ्याला सांगतात आणि मी ऐकायचं. त्या दिवशीही त्यांनी भावाकडंच तोंड केलं.

"काय रं, बाग सोडून दिली का काय?"

"न्हाई दादा. गवत ठेवायचं ठरवलंय."

"गवत ठेवायचं?" दादांनी तो शब्द असा उच्चारला जसं कोणी घरात चोर ठेवायचं म्हणावं. "बी उडून माझ्या कांद्यात येणार, ते कोण खुरपणार? आन् एवढ्या गवतात वाघ बसला म्हंजी? तिला सांग, पोरंबाळं फिरत्यात हितनं."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. त्याची भीती काही खोटी नाही, वस्तीवरची कुत्री गेलेली आहेत. पण दादांच्या पाठीमागं त्यांचाच ऊस उभा होता, दोन माणसं उंच, आणि आदल्या हिवाळ्यात बिबटिणीची पिल्लं सापडली होती ती त्या उसात. मी नवऱ्याला म्हणाले, दादांना नीट ऐकू जाईल असं, "दादांना सांगा, वाघाला गवतापेक्षा ऊस बरा वाटतो. आन् गवत गुडघ्याखाली ठेवायची जबाबदारी माझी. बी धरायच्या आत कापणार."

"कशानं? इळ्यानं?" दादांनी भावाला विचारलं.

म्हणून आम्ही मंचरला त्या दुकानात उभे होतो.

मालकानं मागच्या आवारात नेऊन एक मोवर दाखवला. लालभडक रंग, पाच फुटी, चांगला भरभक्कम. "हा घ्या. समदे हाच नेत्यात."

"आमचा ट्रॅक्टर छोटा आहे."

"उचलतंय की."

"उचलंल. पण चढाला लागलो की पुढची चाकं जमीन सोडतील, त्याचं काय?"

"म्होरं वजन टाका थोडं."

मी खाली बसले आणि मोवरच्या पोटाखाली डोकं घालून पाहिलं. नवरा दुसरीकडं बघायला लागला. आत दोन जाड पाती होती, आडव्या पट्टीला दोन्हीकडं घट्ट आवळून बसवलेली. उसाच्या फडाला, सपाट काळ्या रानाला ती चालली असती. आमच्याकडं दर चार पावलांवर दगड. घट्ट बसवलेल्या पात्याला दगड लागला की सगळा दणका गिअरबॉक्सला बसतो. सैल, खिळीवर फिरणारं पातं असेल तर दगड लागल्यावर ते मागं वळतं आणि पुन्हा सरळ होतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. माझ्या माहेरी, कळंबला, एकाच्या द्राक्षबागेत दोन्ही प्रकारचे मोवर चालताना पाहिले होते आणि त्यातला एक कायम दुरुस्तीला गेलेला असायचा.

"पाती पक्की आहेत. सैल पात्यांचा नाही का?"

"पक्कीच बरी ताई. कापतंय झ्याक."

"दगड लागला तर?"

"बागेत दगड असत्यात व्हय?"

"आमच्याकडं दगडात बाग असते."

तो पुन्हा हसला. मग मी ट्रॅक्टरकडून मोवरला फिरवणारा शाफ्ट पाहिला. नुसता लोखंडी दांडा, उघडा. "याच्यावरचं आवरण कुठंय?"

"गार्ड? लोक काढूनच टाकत्यात. ग्रीस भरायला आडवा येतो."

त्या क्षणी माझं ठरलं. असा उघडा शाफ्ट फिरत असताना त्याला पदर किंवा ओढणी लागली, तर सोडवायला वेळ मिळत नाही. हे मी त्याला सांगितलं. "लोक काढून टाकतात म्हणून तुम्ही द्यायचाच नाही का?"

मालक माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, वैनी लई चौकस हायेत बरं का. तुमी सांगा, घ्यायचाय का न्हाई?"

"न्हाई म्हन्ती ती," नवरा म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. बाजारपेठेत कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या लागल्या होत्या, हायवेवर हॉर्न वाजत होते. गर्दीतून बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "घ्यायचा नव्हता तर उगा त्याच्या आवारात खाली बसून कशाला बघत व्हतीस? चार लोक बघत व्हते."

"घ्यायचा होता. तो घ्यायचा नव्हता."

"आता काय करायचं?"

"जुन्नरला जाऊ."

जुन्नरला एका मुसलमान कुटुंबाचा अवजारं बनवायचा कारखाना आहे. बाप, दोन मुलं, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि दारात कायम दोन-तीन मोडके नांगर. बापाला सगळे चाचा म्हणतात. चाचांचा स्वभाव असा, की गिऱ्हाईक काय मागतं ते आधी खोडून काढायचं आणि मग बनवायला घ्यायचं.

"सैल पाती?" चाचा म्हणाले. "सैल पाती सटासट मारत्यात गवताला, कापत न्हाईत. पक्की घ्या."

"मला दाढी करायची नाहीये गवताची. दगडात चालला पाहिजे."

"आन् चारच फूट? पाच फुटी घ्या, काम लवकर उरकंल."

"ट्रॅक्टरच्या दोन्ही चाकांच्या बाहेर वीतभर आला की पुरे. चाकाखाली चेपलेलं गवत कापलं गेलं पाहिजे, बस. जास्त रुंद केला की वजन वाढतं आणि झाडांच्या बुंध्याला घासतो."

"तुमी शिकवणार मला?"

"शिकवत नाही. करून घेणार आहे."

चाचांनी मुलाला चहा सांगितला. म्हणजे ते तयार झाले होते. गिअरबॉक्स तयार मिळतो तो मागवायचा आणि बाकीचा सांगाडा त्यांनी करायचा असं ठरलं. मधे गोल ताटासारखी तबकडी, तिच्या कडेला खिळीवर फिरणारी पाती. मागच्या बाजूला साखळ्यांचा पडदा, दगड उडाला तर अडायला. दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या, मोवर जमिनीत घुसू नये म्हणून. शाफ्टवर आवरण. आणि शाफ्टच्या जोडावर एक नरम बोल्ट, म्हणजे आत काही अडकलं तर तो बोल्ट तुटेल आणि गिअरबॉक्स वाचेल.

घ्यायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर घेऊनच गेले. घोडेगाव, मग पुढं जुन्नर, सगळा रस्ता मी चालवत. कारखान्यासमोर मोवर जोडला, लिफ्टनं उचलला आणि मला स्टिअरिंग एकदम हलकं लागलं. पुढची चाकं नावाला टेकली होती.

"चाचा, पत्रा कुठला वापरलात?"

"जाड वापरला. आयुष्यभर जाईल."

"पण मी जाईन ना त्याच्याआधी! सपाट रस्त्यावर पुढचं तोंड हलकं झालंय, चढावर उलटायचा हा."

"वरचा पत्रा काढायचा म्हंजी समदं पुन्यांदा करायचं!" चाचांचा आवाज चढला. "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली ना, तर कुलूप लावून घरी बसावं लागंल."

"जे बोललो होतो त्यापेक्षा जाड वापरायला मी सांगितलं नव्हतं."

आमचा आवाज ऐकून शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. नवरा मधे पडला, "असू दे, म्होरं दोन दगड बांधू." मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. चाचांनीही त्याच्याकडं पाहिलं. आणि का कोण जाणे, ते दगड बांधायचं ऐकून चाचांना माझ्यापेक्षा जास्त राग आला. "माझ्या कामाला दगड बांधनार तुमी? ठेवून जा. पुढच्या हप्त्यात न्या."

पुढच्या आठवड्यात तो नेला. या वेळी चढावरही चाकं जमिनीला धरून राहिली.

पहिल्यांदा बागेत मोवर लावला त्या सकाळी बांधावर गर्दी जमली. वस्तीवरचे सगळे, दादा, आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि ज्यांचं आमच्याकडं काहीच काम नव्हतं असेही. दोघं-तिघं तर थेट ट्रॅक्टरच्या मागं येऊन उभे राहिले, पातं कसं फिरतं ते बघायला. मी इंजिन बंद केलं.

"मागं कोणी थांबायचं नाही. साखळीखालून दगड उडतो."

"आमाला काय व्हत न्हाई वैनी, तुमी चालवा."

"तुम्हाला होत नाही, मला होतं. तुम्ही तिथं आहात तोवर मी चालू करणार नाही."

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते एकमेकांकडं बघत हसले, काहीतरी पुटपुटले. मी बसूनच राहिले. शेवटी आक्काच म्हणाली, "सरका की रं बाजूला, तिचं काम खोळंबलंय." ते सरकले.

मग मी चालू केला. उतारावर आडवं जायचं नाही, वर-खाली जायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. गवत मोवरच्या खाली वाकत होतं आणि मागून बारीक होऊन बाहेर पडत होतं. हिरवा वास सुटला. पहिली ओळ संपवून मागं पाहिलं तर वीतभर गवत शिल्लक, खाली माती झाकलेली, वर कुटलेल्या गवताचा थर. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी ओरडली, "आगं बाई, गुरांच्या तोंडचा घास कुटून टाकती ही!"

या बोलण्यानं मात्र मी अडखळले. औषधाबद्दल, वाघाबद्दल माझ्याकडं उत्तरं होती. ही म्हातारी खरंच बोलत होती. मोवरनं बारीक झालेलं गवत गोळा करून गुरांना घालता येत नाही. आमच्याकडं गुरं नव्हती, पण आक्काच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या.

संध्याकाळी मी आक्काकडं गेले. ती दूध काढत होती. म्हणाले, "आक्का, मी कापायच्या आधी तुम्ही घेऊन जा. जेवढं लागंल तेवढं. ज्या ओळीत तुम्ही इळा लावाल, तिथं मी आठ दिवस मोवर घालणार नाही."

ती म्हशीच्या अंगाला डोकं टेकून बसली होती. तशीच म्हणाली, "तुज्या दादांना कळलं तर?"

"कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इळा घेऊन आली.

मोवर घेणं एका दिवसाचं काम होतं. तो राखणं हे कायमचं. कापून झालं की मी त्याच्या पोटाखालचं ओलं गवत काठीनं खरवडून काढते, नाहीतर पत्रा कुजतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसना, ग्रीस. गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच काढून तेल दिसतंय का बघायचं. आणि पाती. पात्याला कोयत्यासारखी धार लावायची नसते, ती दगडाला लागून लगेच मोडते. जाडसर धार ठेवायची. पण दोन्ही पाती सारखी घासायची. एकदा माझ्याकडून एकच पातं ग्राइंडरवर जास्त घासलं गेलं आणि मोवर असा थरथरायला लागला की सीटवर दात वाजायचे. तेव्हापासून आमच्या किराणा तोलायच्या काट्यावर पाती तोलून बसवते. नवरा बघून म्हणतो, "भाजी आनलीय का?" मी म्हणते, "हो, लोखंडाची."

दुसऱ्या पावसाळ्यात नरम बोल्ट तुटायला लागला. वारा अडवायला लावलेल्या आणि नंतर मेलेल्या सिल्व्हर ओकच्या झाडांचे बुंधे गवतात लपलेले होते, त्यांना मोवर लागला की बोल्ट तुटायचा. तुटला की खाली उतरायचं, नवा घालायचा, पुन्हा चालू. चिडचिड व्हायची, पण मला ते मंजूर होतं. नवऱ्याला नव्हतं. मी कळंबला लग्नाला गेले होते तेव्हा त्यानं मला बरं वाटावं म्हणून घोडेगावातून सगळ्यात कडक बोल्ट आणून बसवला. परत येऊन मी चालवायला घेतला आणि खालच्या ओळीत बुंधा लागला. बोल्ट तुटला नाही. शाफ्टच पिळला गेला, ओल्या कपड्यासारखा. आवाज असा झाला की आक्का इळा टाकून पळत आली.

नवरा आला, बघितलं आणि मान खाली घातली. "मी म्हनलं मजबूत बोल्ट घातला की तुला सारखं उतरावं लागणार न्हाई."

"तो तुटायलाच असतो."

"आता कळलं."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी कुदळ घेऊन सगळे बुंधे काढले, आधीच काढायला हवे होते ते. शाफ्ट चाचांकडं गेला. चाचांनी तो हातात धरून दिवाणखान्यातली शोभेची वस्तू असावी तसा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सैल पाती हट्टानं घेतली आन् बोल्ट मातर कडक! वा ताई." नवऱ्याचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी आणखी दोन वर्षं पुरवलं असतं.

तोवर दादांनी मधे काही केलं नव्हतं. बांधावरून बघायचे, भावाला टोमणे मारायचे, एवढंच. भावकीत, देवळात, दूध डेअरीवर ते सांगत, "आमच्या धाकट्याच्या घरात आता गवताचं पीक घेत्यात." लोक मला विचारायचे, "यंदा गवत कसं आलंय वैनी?" मी म्हणायचे, "लई झ्याक."

मग आमच्या घरात एकदा दोन दिवस कुणी नव्हतं. नवऱ्याच्या मावशीकडं कार्य होतं. परत आलो तेव्हा सकाळी मी बागेत गेले. बांधालगतच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या होत्या. नुसता बांध नाही. माझ्या बागेतल्या, आतल्या दोन ओळी. गवत माना टाकून पडलं होतं, आणि तिथं मागच्या वर्षी लावलेली चार लहान कलमं होती, त्यांची खालची पानं सुरकुतली होती.

मी दोन्ही ओळी शेवटपर्यंत चालून पाहिल्या. मग बांध ओलांडून दादांच्या रानात गेले. दादा कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. नवरा माझ्या मागून धावत आला.

"दादा," मी म्हणाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्याशी समोरासमोर बोललेले हे पहिले शब्द. "माझ्या बागेत औषध कुणी मारलं?"

दादांनी भावाकडं पाहिलं. "तिला सांग, माझ्या माणसानं बांधावर मारलं. वारा व्हता."

"वाऱ्यानं दोन ओळी सरळ रेषेत जळत नाहीत. तुम्ही मधे पडू नका," मी नवऱ्याला म्हणाले, "मी इथंच उभी आहे, ते मला सांगतील."

नवरा नुसता माझ्या शेजारून दोन पावलं बाजूला झाला. आजही मला त्याचं ते बाजूला होणं आठवतं. भावाच्या बाजूलाही गेला नाही आणि आमच्या मधेही उभा राहिला नाही.

दादांना आता बोलायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. ते पाण्याच्या पाटाकडं बघत म्हणाले, "बी उडतंय माझ्या रानात."

"उडत नाही. फुलोऱ्याला येण्याआधी कापते मी. दाखवा एक तुरा."

"लोक हासत्यात. म्हन्त्यात तुमच्या घरात रान माजलंय."

"हसू दे. माती माझी राहतीय. तुमच्या बांधावरची माती ओढ्यात जातीय ती बघा एकदा."

"मला अक्कल शिकवू नगंस!"

"शिकवत नाही. माझ्या हद्दीत पंप आला तर मी तो उचलून ग्रामपंचायतीत नेऊन ठेवीन, आन् कुणाचा हाय ते सगळ्यांसमोर इचारीन. एवढंच सांगायला आले."

तेवढ्यात आक्का गोठ्याकडून आली. हातात इळा आणि रिकामी दोरी. तिला काही माहीत नव्हतं. ती त्या पिवळ्या ओळींजवळ थांबली, खाली वाकून गवत हातात घेतलं, वास घेतला आणि फेकून दिलं. मग दादांकडं चालत आली.

"हितलं गवत मी काल म्हशीला घातलं," ती म्हणाली. "सकाळपासून खात न्हाई ती. तुमी मारलं?"

दादा पाटाकडं वाकले.

"मी इचारतीय, तुमी मारलं का?"

"बांधावर मारलं."

"तुमाला ठावं न्हाई मी रोज कुठनं आणती ते? दोन वर्सं तुमी दूध पिताय ते कुठल्या गवताचं हाय?" तिचा आवाज वस्तीपर्यंत गेला असेल. "तुमच्या उसाच्या पाचटावर म्हशी जगत्यात व्हय? आता तुमीच जावा इळा घेऊन, कुठनं आणायचं ते आणा."

तिनं इळा आणि दोरी दादांच्या पायाशी टाकली आणि ती घराकडं निघून गेली. मी माझ्या बागेकडं निघाले. मागं वळून पाहिलं नाही, पण नवऱ्यानं नंतर सांगितलं, दादा तसेच उभे राहिले आणि पाटाचं पाणी फुटून रोपांवरून गेलं.

म्हैस वाचली. घोडेगावचा डॉक्टर येऊन गेला, तीन दिवसांनी ती खायला लागली. कलमांतली दोन मेली. दोन जगली, खालून नवा फुटवा घेऊन. त्या जळलेल्या पट्ट्यात पुढच्या पावसात पहिल्यांदा पाणी वाहिलं, चर पडली, आणि तिथं मी मुद्दाम काही लावलं नाही. गवत स्वतःच परत आलं, जरा वेगळं, बारीक पानांचं. ते मी कापते.

दादांची आणि आमची बोलाचाल तशी बंदच आहे. सणाला, कार्याला समोर येतो, नवऱ्याशी दोन शब्द होतात. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी मागायला लावली नाही. ते त्यांच्या रानात अजून औषध मारतात. पण बांध यायच्या चार पावलं आधीच त्यांचा माणूस थांबतो, आणि पंप घेऊन आला की आधी आक्काला हाक मारून विचारतो. आक्का रोज सकाळी येते. कधी तिच्याबरोबर वस्तीवरच्या आणखी दोघी येतात.

मोवरची पाती एकदा पूर्ण बदलून झाली. लिफ्टच्या पिना झिजल्या, त्या बदलल्या. मागच्या साखळ्यांतल्या दोन तुटल्या आहेत, त्या पुढच्या वेळी जुन्नरला गेले की चाचांकडून लावून घेईन आणि त्यांचं बोलणंही ऐकून घेईन.

परवा कळंबला एका लग्नात माहेरचा एक लांबचा भाऊ मला म्हणाला, "ताई, ऐकलं ते खरं का? तू बागेत गवत राखतेस? आन् ते ट्रॅक्टरवर बसून कापतेस?"

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. मी पंगतीत बसले होते, ताटात जिलेबी होती.

"खरं आहे," मी म्हणाले. "आणि राखणार. ये एकदा बघायला. ट्रॅक्टरच्या मागं मात्र उभा राहू नको."